पाऊणकी

तिसऱ्या मजल्यावरच्या कुरियाकोसांचा राउटर जळला.
म्हटलं, फेकताय तर ॲडॉप्टर द्या मला, बारा व्होल्टचा आहे,
चंद्र करायचाय.
ते हसले. त्यांना वाटलं मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट.

तीन निळे एलईडी, एकेकाला तीन पॉइंट दोन,
झाले नऊ पॉइंट सहा.
उरलेले दोन पॉइंट चार रेझिस्टरने गिळायचे:
एकशेवीस ओहम. तपकिरी, लाल, तपकिरी.
रबाळ्यात बावीस वर्षं पॅनेल जोडतोय
आणि घरच्या टेबलावर एक पाय उलटा लावून बसलो.
राळेचा धूर पंख्यापर्यंत गेला.
बायको म्हणाली, ताटं कुठे मांडू?

टाकी तीन फुटी. मीठ तोलून घातलेलं.
सारसोळ्याची खाडी चालत दहा मिनिटांवर,
पण तिचं पाणी चालत नाही.
प्रवाळाचा तुकडा ठाण्याच्या एजाजने दिलेला,
त्याच्या टाकीतच वाढलेला, तेव्हा बटणाएवढा,
आता बशीएवढा.

साडेदहाला मोठे दिवे विझवले, चंद्र लावला.
बशी हिरवी पेटली, काठाला नारिंगी.
क्लाऊनची जोडी कोपऱ्यात तिरकी होऊन झोपली.
दगडाखालून बारक्या तारामाशाचा एक हात आला,
पलंगाखाली चप्पल शोधावी तसा चाचपडत.

आई खुर्ची ओढून बसली.
चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई,
टाकी पहिल्यांदा पाहून म्हणाली होती,
यातला खावाचा कंचा?
आज बराच वेळ गप्प. मग,
"आज चवथ हाय. तुजा चांद पुनवेचा कसा र?"

म्हटलं, त्यांना काय कळतंय तिथीचं.
"त्यांनाच कलतं. तुला नाय कलत."
आणि बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत म्हणाली,
बापाच्या होडीत शिकलेली पाऊणकी,
पाऊण, दीड, सव्वादोन, तीन.
आवसेला भरती बाराला,
चवथीला तीनला.
मी मोबाइल काढून बघितला. तीन वाजून आठ.
वरची आठ मिनिटं मी तिला सांगितली नाहीत.

रविवारी भंगारातल्या रेडिओचा नॉब आणून बसवला,
आवाजाचा, खट् करून बंद होणारा.
मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पंधरा रेघा.
तिला अंक वाचता येत नाहीत, रेघा येतात.
जेवण झालं की ती हात धुऊन, पदराला पुसून,
पंधरवडा चढता असेल तर एक रेघ पुढे,
उतरता असेल तर एक मागे.
अमावास्येला खट्.
त्या रात्री आम्ही पंपाची घरघर ऐकत बसायचो
आणि काहीच दिसायचं नाही,
तरी ती उठायची नाही.

मार्गशीर्षात ती चांगुणामावशीकडे उरणला गेली.
मला दुसरी पाळी. यायचो, जेवायचो, झोपायचो.
टाकीत आठ दिवस
नवमी उभी राहिली.

आली ती पिशवी दारातच ठेवून आधी टाकीपाशी.
"आठ दिस नवमीच?"
विसरलो, म्हटलं. आज वद्य द्वितीया ना,
सरळ तेराव्या रेघेवर ने.
तिने नेलं नाही.
एक रेघ. थांबली, मासे हलतात का बघितलं.
आणखी एक.
ओठ हलत होते, मोजत होती की काय कोण जाणे.
शेवटच्या रेघेवर आल्यावर हात काढून घेतला.
"रव दे जरा. त्यांची पुनव रायली."

पिशवीतल्या सुकटीचा वास जिन्यापर्यंत गेला असणार.
तारामाशाचा एक हात आला, मग दुसरा,
मग तो सगळाच काचेवर आला,
असा याआधी कधी आला नव्हता, निदान मी जागा असताना.
मी आईकडे बघितलं. ती घोरत होती.

साडेअकराला आपणहून उठली,
दोन रेघा मागे घेतल्या,
आणि मला म्हणाली, पिशवी उचल.